आकड्यांची निर्यात कोणत्या फाइलीत करावी?

निर्यात हा शब्द ऐकला म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे द्राक्षांच्या पेट्या, कांद्याच्या गोण्या किंवा हापूस आंब्याची खोकी उभी राहतात, व ते साहजिकच आहे. परंतु अलीकडे हाच शब्द एका निराळ्या अर्थाने सोसायटीच्या कचेरीत व पुष्कळ बागायतदारांच्या घरी येऊन बसला आहे. दूध संकलन केंद्रावरील मोजणी, शेतावरील स्वयंचलित हवामानयंत्राच्या नोंदी, माती परीक्षणाचे निकाल, सोसायटीची कीर्द व खतावणी, ही सर्व आता संगणकात असतात. आणि त्यांतील आकडे बाहेर काढून एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये घेण्याच्या क्रियेस 'एक्स्पोर्ट', म्हणजे निर्यात, असे म्हणतात. त्या बटणावर बोट ठेवले की यंत्र विचारते : सीएसव्ही, एक्सएलएस, एक्सएलएसएक्स, ओडीएस, पीडीएफ, ह्यांपैकी कोणत्या प्रकारची फाइल पाहिजे? बहुतेक लोक जे नाव प्रथम दिसेल ते पसंत करतात आणि कामास लागतात.

हा प्रश्न कारकुनी आहे, त्यात शेतकऱ्याने काय लक्ष घालावयाचे, असे कित्येकांस वाटेल. पण पेटीतील द्राक्षे सडली तर निदान वास तरी येतो. रकान्यातील आकडा बिघडला तर तो पूर्वीसारखाच नीटनेटका उभा असतो, व बिघाड उघडकीस येतो तो अनुदान अडकल्यावर, विम्याचा अर्ज परत आल्यावर किंवा वार्षिक सभेत दोन सभासदांचा हिशोब एकाच नावावर निघाल्यावर. म्हणून ज्याच्या जमिनीची, जनावरांची व पैशांची ती नोंद आहे त्याने हा विषय एकदा नीट समजून घेणे जरूर आहे.

प्रथम ह्या फाइली म्हणजे काय ते पाहू. सीएसव्ही ही सर्वांत साधी. तिच्यात केवळ अक्षरे व अंक असतात. प्रत्येक नोंदीस एक ओळ, व दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. दूध केंद्रावरील अशी फाइल उघडून पाहिली तर ती येणेप्रमाणे दिसेल :

सभासद,गट,लिटर,फॅट
००४७,१२/३,८.५,४.२
००४८,७/२,११.०,३.९

ह्यापलीकडे तिच्यात काही नाही. रंग नाही, रेघा नाहीत, बेरजेचे सूत्र नाही, आणि मुख्य म्हणजे कोणता रकाना संख्येचा, कोणता तारखेचा व कोणता केवळ नावाचा हे सांगणारी खूणही नाही. स्वल्पविरामाने रकाने तोडण्याची ही वहिवाट घरगुती संगणकांहून जुनी आहे. १९७२ साली आयबीएम कंपनीच्या फोर्ट्रान भाषेच्या आवृत्तीत ती होती. मात्र तिचे नियम कोणी तरी एकत्र लिहून काढण्यास २००५ साल उजाडावे लागले, व त्या वर्षी 'आरएफसी ४१८०' ह्या नावाने जे टिपण प्रसिद्ध झाले तेही माहितीसाठी दिलेले आहे, बंधनकारक नाही. एवढी जुनी रीत असूनही प्रत्येक सॉफ्टवेअरची सीएसव्ही थोडीफार निराळी निघते, त्याचे कारण हेच.

एक्सएलएस हा एक्सेलचा जुना प्रकार, व एक्सएलएसएक्स हा २००७ च्या एक्सेलपासून चालू झालेला नवा. नवी फाइल ही वस्तुतः एक बंद पेटी असून तिच्या आत अनेक लहान फाइली दाबून भरलेल्या असतात. तिच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' असा केला तर ती पेटी उघडून आतील मजकूर पाहता येतो, जिज्ञासूंनी एखाद्या नकलेवर करून पाहावे. ह्या पेटीत प्रत्येक चौकटीबरोबर तिची जातही लिहिलेली असते : ही संख्या, हा मजकूर. सीएसव्हीत व हिच्यात जो खरा फरक आहे तो हा, आणि पुढील सर्व भानगडी ह्या एका फरकातून निघतात.

सात-बाराची तारीख होते ती अशी

समजा, वर दाखविलेली सीएसव्ही फाइल कोणी एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली. फाइलीने रकान्यांची जात सांगितलेली नसल्यामुळे एक्सेल ती आपल्या मनाने ठरविते. '००४७' हे त्यास सत्तेचाळीस वाटतात. पुढील दोन शून्ये निरर्थक समजून ते टाकून देते, व सभासद क्रमांक ४७ होतो. '१२/३' हा सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन आहे हे त्यास कोठून कळणार? ते त्याची १२ मार्च करते. '७/२' ची ७ फेब्रुवारी होते. आणि कोणी भोळेपणाने चौकटीत '७/१२' एवढेच लिहिले तर आपल्या सात-बाराची ७ डिसेंबर होऊन बसते! ज्या नंबरात 'अ' किंवा 'ब' असे अक्षर आहे तो तेवढा सुटतो. म्हणजे एकाच रकान्यात काही नंबर शाबूत व काही तारखा बनलेले, असा प्रकार होतो. ज्या गावात जमिनीचे बारीक हिस्से पडलेले आहेत तेथे ही गोष्ट किती ठिकाणी होईल ह्याचा अंदाज वाचकांनीच करावा.

खतांच्या बाबतीत तर गंमत आहे. आपण १०:२६:२६ असे लिहितो. एक्सेल ह्यास घड्याळातील वेळ समजते : दहा वाजून सव्वीस मिनिटे व सव्वीस सेकंद. १९:१९:१९ ही त्याच्या दृष्टीने संध्याकाळची वेळ आहे. चौकटीत दिसावयास अक्षरे तीच राहतात, म्हणून कोणास संशय येत नाही. पण आत साठविलेले असते दिवसाच्या एकंदर कालाचे अपूर्णांक, पहिल्या खताचे सुमारे ०.४३५ व दुसऱ्याचे ०.८०५. पुढे खतवार खप काढू लागले म्हणजे हे अपूर्णांक वर येतात व लिहिणारा चक्रावून जातो. रोपांमधील अंतर '५-१०' असे लिहिले तर त्याची ५ ऑक्टोबर होते हे आता सांगावयास नको.

ह्या सर्वांत अधिक नुकसान करणारा प्रकार लांब क्रमांकांचा आहे. आपल्या गाई-म्हशींच्या कानांत जो बिल्ला मारतात त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. आधार क्रमांकही बारा अंकीच. साध्या चौकटीत एक्सेल अकरा अंकांपर्यंतची संख्या सरळ दाखविते. त्याहून लांब झाली की संक्षेप करते. १०२०३०४०५०६० हा क्रमांक १.०२०३ई+११ असा दिसू लागतो. येथवर फक्त दिसण्यात फरक पडलेला असतो. परंतु त्याच स्थितीत ती फाइल पुनः सीएसव्ही म्हणून साठविली तर जे दिसते तेच लिहिले जाते, व शेवटचे अंक कायमचे नाहीसे होतात. मग आरंभीचे अंक समान असलेली गोठ्यातील सर्व जनावरे एकाच क्रमांकाची होतात, आणि लस कोणत्या गाईस टोचली व विमा कोणत्या म्हशीचा उतरविला ह्याचा पत्ता लागत नाही. बँकेच्या खात्याचा क्रमांक सोळा अंकी असेल तर एवढीही सवड मिळत नाही. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच खरे धरते व सोळाव्याच्या जागी उघडतानाच शून्य घालते. दुधाचे पैसे जावयाचे त्या खात्याचा शेवटचा अंक बदलणे म्हणजे काय, हे सभासदांस निराळे समजावून देण्याचे कारण नाही.

स्वल्पविरामाची आणखी एक अडचण खास आपल्या देशाची आहे. आपण सव्वा लाख रुपये '१,२५,०००' असे लिहितो. सॉफ्टवेअर करणाराने ही रक्कम तशीच सीएसव्हीत घातली तर तिचे तीन तुकडे होऊन ती तीन रकान्यांत पसरते, व त्या ओळीतील पुढील सर्व मजकूर दोन घरे पुढे सरकतो. अशा रकमेभोवती किंवा स्वल्पविराम असलेल्या पत्त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालावयाची असा नियम आहे, परंतु तो पाळलेला असतोच असे नाही. सर्वांत उत्तम म्हणजे रक्कम निर्यात करताना तीत स्वल्पविराम व रुपयाची खूण मुळीच घालू नये. ती शोभा स्प्रेडशीटमध्ये मागाहून आणता येते. (युरोपातून आलेल्या काही यंत्रांत ह्याच्या उलट रीत असते. तेथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात व रकाने अर्धविरामाने तोडतात. अशा यंत्राची फाइल उघडली असता सर्व आकडे एकाच रकान्यात कोंबलेले दिसले तर घाबरू नये.)

तारखांविषयी थोडक्यात सांगतो. आपण दिवस प्रथम लिहितो, अमेरिकेत महिना प्रथम लिहितात, व विकत घेतलेला संगणक पुष्कळ वेळा अमेरिकी पद्धतीवरच ठेवलेला असतो. अशा संगणकावर '०७/०६/२०२५' हा ७ जूनचा पाऊस ६ जुलैस जाऊन पडतो. आणि '१३/०६/२०२५' ह्यात तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीखच न राहता नुसता मजकूर होतो. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस इकडचे तिकडे जातात व बाकीचे बेरजेतून गळतात. मृगाच्या तोंडाचा पाऊस जुलैत दाखविणारा तक्ता पाहून पेरणीचा किंवा फवारणीचा काही अंदाज बांधणे व्यर्थ होय. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात तारखांस किती महत्त्व असते हे डाळिंब व केळी बागायतदार जाणतातच. ह्यावर उपाय एकच : वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने '२०२५-०६-०७' असे लिहिणे. हीच आंतरराष्ट्रीय रीत असून तीत दोन अर्थ निघत नाहीत.

मराठी अक्षरांची दुर्दशा

आमच्याकडील सोसायट्यांस जी अडचण सर्वांत आधी जाणवते ती निराळीच आहे. फाइल उघडावी तो सभासदांच्या नावांच्या जागी परकी, डोक्यावर टिंबे व टोप्या असलेली अक्षरे दिसतात, व लोक म्हणतात फाइल बिघडली. बहुधा ती बिघडलेली नसते. हल्ली मराठी मजकूर 'यूटीएफ-८' नावाच्या लिपीसंकेतात साठवितात, व त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. सीएसव्ही फाइल आपला संकेत कोणता हे सांगत नाही. म्हणून एक्सेल जुना पाश्चात्य संकेत गृहीत धरून प्रत्येक बाइटाचे एकेक अक्षर करते, व 'मोरे' ह्या नावातील चार चिन्हांच्या जागी बारा परकी चिन्हे उभी राहतात. फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक खूण, जिला 'बीओएम' म्हणतात, घातली असता एक्सेल संकेत बरोबर ओळखते. एक्सेलमधून साठविताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडला म्हणजे ही खूण आपोआप पडते. नुसता 'सीएसव्ही' हा पर्याय निवडला तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात, व ती मात्र पुनः अक्षरे होत नाहीत. ही दुसरी चूक पहिलीहून फार वाईट, कारण पहिलीत माल शाबूत असतो, दुसरीत तो नष्ट झालेला असतो.

ज्या संस्थांचे संगणकीकरण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाले त्यांच्यापुढे याहूनही जुने दुखणे आहे. त्या काळी मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकलेला असे. म्हणजे आत रोमन अक्षरांचेच संकेत, व वरून त्यांस देवनागरीचा पोशाख. सीएसव्हीत फाँट जात नाही, त्यामुळे तो पोशाख उतरतो व खाली अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. एक्सएलएसएक्समध्ये फाँटचे नाव राहते, पण तो फाँट ज्या संगणकावर नसेल तेथे पुनः तीच अवस्था. अशा नोंदी प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतल्यावाचून त्यांची निर्यात करण्यात अर्थ नाही. आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण चुका तेथेच राहतात.

इतके वाचून सीएसव्ही ही टाकाऊ वस्तू आहे असा समज कोणी करून घेऊ नये. दोष फाइलीचा नाही, ती उघडणाऱ्याच्या घाईचा आहे. आणि हा दोष शेतकऱ्यांच्याच वाट्यास आला आहे असेही नाही. मनुष्याच्या जनुकांस शास्त्रज्ञांनी जी संक्षिप्त नावे दिली होती त्यांतील काही इंग्रजी मार्च व सप्टेंबर ह्या महिन्यांसारखी दिसत, व एक्सेल त्यांच्या तारखा करी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे आढळले की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शास्त्रीय निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत ही चूक शिरली आहे. अखेर २०२० साली जनुकांचीच नावे बदलावी लागली! एक्सेल करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने हे आपोआप होणारे फेरफार बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आपल्या नव्या आवृत्तीत दिली. ती आपल्या संगणकावर असेल तर जरूर वापरावी. परंतु जुन्या आवृत्त्या अजून गावोगाव चालू आहेत हे विसरून चालणार नाही. आपल्या सर्व्हे नंबरांची नावे बदलून घेणे तर कोणाच्याही हाती नाही.

सीएसव्हीचा मोठा गुण हा की ती कोणाच्याही मालकीची नाही. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही प्रोग्रामात, अगदी साध्या नोटपॅडमध्येसुद्धा उघडते, आणि अक्षरसंकेत नीट असेल तर आणखी पन्नास वर्षांनीही वाचता येईल. भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजारभावासारखी माहिती सीएसव्हीत मिळते ती ह्याच कारणाने.

जुन्या एक्सएलएसचा त्याग करावा

एक्सएलएसविषयी आमचे मत स्पष्ट आहे : नवीन निर्यातीस ती कधीही घेऊ नये. ह्या फाइलीत एका पानावर ६५,५३६ ओळी व २५६ रकाने मावतात, त्याहून एकही अधिक नाही. हा आकडा मोठा वाटतो, पण हिशोब करून पाहा. दर दहा मिनिटांस एक नोंद करणारे हवामानयंत्र दिवसास १४४ ओळी लिहिते. वर्षाच्या ५२,५६० झाल्या. म्हणजे सुमारे ४५५ दिवसांत पान भरते, व दुसऱ्या हंगामाच्या तुलनेची वेळ येते नेमकी तेव्हाच पुढील ओळी गळू लागतात. दोनशे सभासदांचे दूध केंद्र दोन वेळच्या संकलनाने वर्षास १,४६,००० ओळी करते. तेथे सहा महिनेही पुरे होत नाहीत. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. वरील हवामानयंत्रास तेवढ्या भरण्यास जवळजवळ वीस वर्षे लागतील.

ओळी गळाल्याने काय होते ह्याचे उदाहरण इंग्लंडात घडले आहे. २०२० च्या सप्टेंबरअखेर तेथील सार्वजनिक आरोग्य खाते प्रयोगशाळांकडून कोविड रोग्यांच्या याद्या सीएसव्ही फाइलींत घेई व त्या जुन्या एक्सएलएस नमुन्यात भरी. सीएसव्हीस ओळींची मर्यादा नाही, एक्सएलएसला आहे. नमुना भरला, पुढील नावे आत गेलीच नाहीत, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या आठ दिवसांतील १५,८४१ रोगी दैनिक आकड्यांतून सुटले. त्या रोग्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध तितके दिवस लांबला. श्रीमंत देशाच्या सरकारी खात्यात हे होऊ शकते, मग एका कारकुनावर चाललेल्या सोसायटीने अधिक सावध का असू नये?

येथे एका फसव्या प्रकाराचीही ओळख करून दिली पाहिजे. कित्येक संकेतस्थळांवर 'एक्सेल डाउनलोड' म्हणून जी फाइल मिळते तिच्या नावाचा शेवट एक्सएलएस असतो, पण आत वेबपानाचा तक्ता असतो. ती उघडताना 'फाइलीचे स्वरूप व तिच्या नावाचा शेवट जुळत नाही' अशी ताकीद एक्सेल देते. पाठविणारा विश्वासाचा असेल तर ती उघडावी, परंतु लगेच एक्सएलएसएक्स म्हणून साठवावी. व वर सांगितलेले सर्व धोके, तारखांचे व शून्यांचे, ह्याही फाइलीस लागू आहेत हे ध्यानात ठेवावे.

ओडीएस हा प्रकार लिब्रेऑफिस ह्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्याचा नमुना खुला असून २००६ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ज्या कचेरीत लिब्रेऑफिसच वापरतात तेथे ओडीएस उत्तम आहे. बाहेर पाठविण्यास मात्र एक्सएलएसएक्स बरी, कारण समोरच्याकडे बहुधा एक्सेल असते. पीडीएफ ही छापील कागदाची नक्कल होय. तिच्यावर सही-शिक्का शोभतो, बेरीज होत नाही.

व्यवहारात काय करावे

आमच्या मते निर्यात दोन प्रतींत करावी. यूटीएफ-८ संकेतातील सीएसव्ही ही मूळ प्रत. ती निघाल्याबरोबर, एक्सेलमध्ये न उघडता, जपून ठेवावी. ती उघडून पुनः साठविणे म्हणजे मूळ दस्तऐवजावर खाडाखोड करणे होय. दुसरी प्रत एक्सएलएसएक्स, ही रोजच्या कामाची. सचिव, हिशोबतपासनीस, बँक किंवा सभासद ज्यास पाहिजे त्यास ही द्यावी. मात्र एक्सएलएसएक्स घेतली म्हणजे सर्व निभावले असे नाही. तीत जात लिहिलेली असते खरी, पण ती बरोबर लिहिणे हे सॉफ्टवेअर करणाराचे काम आहे. त्याने सभासद क्रमांक संख्या म्हणून घातला तर शून्ये येथेही जातील. आणि उलट रकमाच मजकूर म्हणून घातल्या तर बेरीज शून्य येईल. साधा नियम असा सांगता येईल : ज्याची बेरीज करावयाची ती संख्या, ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही, जसे गट नंबर, कानातील बिल्ला, खाते, मोबाइल, खताचे नाव, तो मजकूर. मजकूर म्हणून लिहिलेल्या क्रमांकाच्या चौकटीच्या कोपऱ्यात एक्सेल एक हिरवा त्रिकोण दाखविते व 'संख्येत रूपांतर करू का' असे विचारते. त्याचे ऐकू नये.

केवळ सीएसव्हीच हाती आली असेल तर ती दोनदा क्लिक करून न उघडता, एक्सेलमधील 'डेटा' ह्या सदराखालील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' ह्या मार्गाने घ्यावी, अक्षरसंकेत यूटीएफ-८ निवडावा, व रकान्यांची जात ओळखण्याविषयी जो प्रश्न असतो तेथे 'ओळखू नये' हा पर्याय द्यावा. म्हणजे सर्व रकाने मजकूर म्हणून येतात, व ज्यांची बेरीज पाहिजे तेवढेच आपण संख्या करावे. लिब्रेऑफिस ह्या बाबतीत अधिक शहाणे आहे. ते फाइल उघडण्यापूर्वीच एक खिडकी दाखवून संकेत, विभाजक व प्रत्येक रकान्याची जात विचारते. गूगल शीट्समध्ये फाइल आत घेताना मजकुराच्या संख्या व तारखा करण्याची खूण असते, ती काढून टाकावी.

आणखी एक सूचना. एका एक्सेल पुस्तकात दूध, पशुखाद्य व येणे-देणे अशी तीन पाने असतील व ते सीएसव्ही म्हणून साठविले तर समोर असलेले एकच पान साठते. तीन पाने, तीन फाइली, असे करावे लागते.

फाइल हाती आल्यावर तिची पारख करण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. सॉफ्टवेअर जितक्या नोंदी दाखविते तितक्याच ओळी आल्या की नाहीत हे पाहावे. एकूण लिटर किंवा एकूण रक्कम दोन्हीकडे जुळवावी. मग शून्याने सुरू होणारा एक सभासद, हिस्सा असलेला एक गट नंबर, एक कानाचा बिल्ला, जोडाक्षराचे एक नाव व महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील एक तारीख, एवढी मूळ नोंदीशी ताडावी. बेरीज जुळली म्हणून ही दुसरी तपासणी टाळू नये, कारण क्रमांक बिघडले तरी बेरीज जुळतेच.

सोसायटीने सॉफ्टवेअर विकत घेतानाच ह्या गोष्टी करारात लिहून घेतल्या तर पुढील पुष्कळ त्रास वाचतो. विक्रेते बहुधा 'अहवाल' एक्सेलमध्ये देण्याची सोय दाखवितात. अहवालावर वर तीन ओळींत संस्थेचे नाव, मध्ये मध्ये 'एकूण' च्या ओळी व जोडलेल्या चौकटी असतात. तो छापण्यास ठीक, पण त्याची बेरीज केली तर प्रत्येक रक्कम दोनदा धरली जाते. संस्थेने मागावयाची ती मूळ नोंदींची निर्यात : एका ओळीत रकान्यांची नावे, खाली एका नोंदीस एक ओळ, बाकी काही नाही. ती संस्थेच्या नोकरास केव्हाही, विक्रेत्यास फोन न करता व निराळे शुल्क न देता काढता आली पाहिजे. 'तुमचा डेटा सुरक्षित आहे' असे विक्रेता म्हणतो त्याचा अर्थ, तो आमच्याच प्रोग्रामात उघडतो, एवढाच असेल तर ती सुरक्षितता विक्रेत्याची आहे, सभासदांची नव्हे.

ह्या विषयास विकास सोसायट्यांच्या बाबतीत विशेष निकड आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, व तीत संस्थांचे काम एका समान सॉफ्टवेअरवर आणावयाचे आहे. जुने सॉफ्टवेअर बंद करण्यापूर्वी त्यातील सभासद, शेअर्स, कर्जखाती व वसुली ह्यांची संपूर्ण निर्यात यूटीएफ-८ सीएसव्हीत काढून, ओळींची संख्या व अखेरच्या शिलका कागदावर लिहून, त्यावर सचिव व अध्यक्ष ह्यांच्या सह्या घ्याव्या. एक प्रत संस्थेच्या तिजोरीत व दुसरी गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी चढल्यावर तेथूनही तशीच निर्यात काढून दोन्ही फाइली ओळीस ओळ ताडून पाहाव्या; जुन्या विक्रेत्याचे अखेरचे बिल त्यानंतर द्यावे.